अकरा सौर प्रकल्प, एक कंट्रोल रूम: सॉफ्टवेअर घेण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूर जिल्ह्यात तुमचे अकरा सौर प्रकल्प आहेत. त्यातले दहा लहान, ३ ते ८ मेगावॅटचे, काटोल, नरखेड, सावनेर, उमरेड भागातल्या शेतीफीडरच्या (शेतीपंपांना वीज नेणाऱ्या लाईनच्या) उपकेंद्रांना जोडलेले. अकरावा ५० मेगावॅटचा, १३२ केव्ही उपकेंद्राला जोडलेला. इन्व्हर्टर (पॅनेलची वीज ग्रिडला देण्याजोगी करणारी यंत्रं) चार कंपन्यांचे, म्हणून आकडे बघायची चार पोर्टल. आता शहरात एकच कंट्रोल रूम करायची आहे, तीन निविदा आल्या आहेत आणि किमतीत तिपटीचा फरक आहे. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, आपल्याच मुलांकडून बनवून घेता येईल का, आणि माणसं किती लागतील?

आधी निविदांमधली स्क्रीनची चित्रं बाजूला ठेवा. मी सत्तावीस वर्षं या कामात आहे. सुरुवातीला लोड डिस्पॅचच्या (भार प्रेषण, म्हणजे ग्रिडचा तोल सांभाळण्याच्या) शिफ्ट केल्या, नंतर पवन आणि सौर प्रकल्प ग्रिडला जोडून द्यायचं काम. भिंतभर मोठे, देखणे पडदे पुष्कळ पाहिले. पण ऐन वेळी खुर्चीतल्या माणसाला दोनच गोष्टींची खात्री हवी असते. समोर दिसतोय तो आकडा आत्ताचा आणि खरा आहे का? आणि मी दिलेली कमांड प्रकल्पावर पोचून तिथे खरंच काही बदललं का? तिन्ही कंपन्यांना याच दोन प्रश्नांवर घासून बघा.

काही वर्षांपूर्वीची एप्रिलमधली दुपार आठवते. वळवाचं आभाळ भरून आलं होतं. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या एका प्रकल्पाची निर्मिती पडद्यावर ३१.४ मेगावॅट दिसत होती. दहा मिनिटांनी पाहिलं, ३१.४. वीस मिनिटांनीही ३१.४. खिडकीबाहेर धूळ उडतेय, झाडं वाकताहेत, आणि हा आकडा जागचा हलत नाही. साइटवर फोन लावला तर रखवालदारानं उचलला. म्हणाला, "साहेब, इथं त अर्ध्या तासापासून सगळं बंद हाये ना. ब्रेकर पडला." झालं असं होतं की प्रकल्पावरच्या गेटवेचा (यंत्रांचे आकडे गोळा करून वर पाठवणाऱ्या पेटीचा) खालच्या यंत्रांशी संपर्क तुटला होता आणि तो शेवटचा वाचलेला आकडा 'डेटा चांगला' अशी खूण लावून वर पाठवत राहिला होता. गेटवे ते कंट्रोल रूम हा दुवा शाबूत होता, त्यामुळे अलार्म वाजायचं काही कारणच नव्हतं. त्या अर्ध्या तासात वरच्या भार प्रेषण केंद्राला आम्ही ३१ मेगावॅट देतोय असं सांगत होतो आणि प्रत्यक्षात देत होतो शून्य.

म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हा विचारा: आकड्याला वेळ कुठे चिकटते? मोजणाऱ्या यंत्रापाशी, गेटवेत, की तुमच्या सर्व्हरवर पोचल्यावर? सर्व्हरवर चिकटत असेल तर शिळा आकडाही ताजा दिसणार. वेळ शक्य तितकी खाली, जीपीएसशी जुळवलेल्या घड्याळानं लागली पाहिजे, आणि गेटवेनं खालच्या प्रत्येक यंत्राच्या संपर्काची खूण वेगळी पाठवली पाहिजे. शिवाय एक साधा नियम सॉफ्टवेअरमध्ये बसवून घ्या. दिवसाउजेडी निर्मितीचा आकडा काही मिनिटं दशांशासकट जसाच्या तसा राहिला तर त्याचा रंग बदलला पाहिजे. इथे कंपनीवाले म्हणतील की भर दुपारी इन्व्हर्टर कमाल मर्यादेला टेकतात, तेव्हा रेघ सपाटच दिसते. दिसते, पण दुसऱ्या दशांशात ती थरथरत असते. अजिबात न थरथरणारी रेघ ही गोठलेली रेघ समजायची.

आता पॉइंट लिस्टबद्दल, म्हणजे कुठल्या यंत्रातून कुठला आकडा घ्यायचा याच्या यादीबद्दल. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून सगळे ते कनिष्ठ माणसावर ढकलतात, आणि पुढची पाच वर्षं त्याचे भोग भोगतात. किलोवॅट आणि मेगावॅटची गफलत पहिल्याच दिवशी दिसते, ती सुधारते. न दिसणाऱ्या चुका वाईट. रिअॅक्टिव्ह पॉवरचं, म्हणजे प्रत्यक्ष काम न करणाऱ्या पण व्होल्टेज चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या विजेचं, चिन्ह घ्या. एका मीटरच्या लेखी अधिक म्हणजे ग्रिडला देणं, दुसऱ्याच्या लेखी अधिक म्हणजे ग्रिडकडून घेणं. चिन्ह उलटं बसलं तर ऑपरेटर व्होल्टेज उतरवायला जातो आणि ते चढतं. यावर एकच उपाय आहे, प्रत्येक पॉइंट टोकापासून टोकापर्यंत तपासणं. एक माणूस साइटवर मीटरच्या पॅनेलसमोर उभा, एक कंट्रोल रूममध्ये, दोघं फोनवर. तो वाचेल तेच इथे दिसलं पाहिजे. ब्रेकरची स्थिती तपासताना ब्रेकर खरोखर उघडून बंद करून पाहायचा. 'सिम्युलेट करून दाखवतो' हे ऐकायचं नाही. तुमच्या अकरा प्रकल्पांना यासाठी तीन आठवडे सहज लागतील. ते वेळापत्रकात आत्ताच लिहून ठेवा, कारण शेवटी घाई झाली की पहिली कात्री याच कामाला लागते.

तुमच्या ५० मेगावॅटच्या प्रकल्पात समजा २५० किलोवॅटचे २०० स्ट्रिंग इन्व्हर्टर आहेत. प्रत्येकातून चाळीस आकडे घेतले तर आठ हजार पॉइंट झाले. ते सगळे ऑपरेटरच्या पडद्यावर आणू नका. संध्याकाळी सूर्य मावळला की २०० इन्व्हर्टर एकेक करून झोपतात. साध्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढेच अलार्म येतात, आणि महिन्याभरात ऑपरेटर अलार्म न वाचता 'मान्य' दाबायला शिकतो. फीडर गेला तर त्याला एकच ओळ दिसली पाहिजे: फीडर गेला, त्यामुळे अमुक इतके इन्व्हर्टर बंद. बाकीचा तपशील विश्लेषणाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये जाऊ द्या.

चार पोर्टलांचं काय करायचं, असंही तुम्ही विचारलंत. ती देखभालीसाठी राहू द्या, नियंत्रणासाठी वापरू नका. पोर्टलवरचा आकडा इन्व्हर्टरकडून कंपनीच्या सर्व्हरला जातो आणि तिथून तुमच्याकडे येतो. पाच मिनिटं जुना असला तरी त्यांच्या दृष्टीनं चालतो. तुमच्या कंट्रोल रूमनं डेटा थेट साइटवरून घेतला पाहिजे. साइटवर इन्व्हर्टर, मीटर आणि हवामान यंत्राकडून मॉडबस या यंत्रांच्या भाषेनं वाचायचं, तिथल्या आरटीयूत (हेही साइटचे आकडे गोळा करणारं यंत्र) किंवा गेटवेत एकत्र करायचं, आणि वर आयईसी ६०८७०-५-१०४ या प्रोटोकॉलनं पाठवायचं. भार प्रेषण केंद्रांना ही भाषा रोजची आहे. एखाद्या कंपनीनं 'आमचा स्वतःचा प्रोटोकॉल याहून चांगला आहे' असं सांगितलं तर आभार मानून पुढच्या कंपनीकडे जा.

हा सगळा आटापिटा कशासाठी, हे तुमच्या संचालकांनाही कळलं पाहिजे, म्हणून जरा ग्रिडच्या बाजूनं सांगतो. आपल्या राज्याचा तोल ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र सांभाळतं आणि विदर्भासाठी आपल्या अंबाझरीला क्षेत्रीय केंद्र आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक पडतात आणि प्रत्येक ब्लॉकला कोण किती वीज देणार, कोण किती घेणार हे आधी ठरतं. देशाची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. दुपारी सौर वीज भरपूर आली की कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरचे संच खाली आणावे लागतात. पण कोळशाचा संच सर्वसाधारणपणे ५५ टक्क्यांच्या खाली नेत नाहीत, आणि एकदा बंद केला तर संध्याकाळी लगेच पेटत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात सूर्य मावळला म्हणून मागणी मावळत नाही. घरोघरचे कूलर रात्रभर चालतात. त्या दोन-तीन तासांत सौर निर्मिती शून्यावर येते आणि तिची जागा कोयनेच्या पाण्यानं आणि औष्णिक संचांनी भरून काढायची असते. डिस्पॅचरला ढगाची तक्रार नसते. ढग आधी न कळल्याची असते.

आधी कळलं तर काय होतं याचं मोठं उदाहरण सगळ्यांनी अनुभवलंय. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर दिवे मालवले तेव्हा मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटनं उतरली. एरवी हा हाहाकार झाला असता. पण वेळ ठाऊक होती, जलविद्युत संच आधीच चढवून ठेवले होते, ते मिनिटामिनिटाला उतरवत नेले, आणि फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान राहिली. तुमच्या कंट्रोल रूमनं वरच्या केंद्राला रोज द्यायची गोष्ट हीच आहे: आगाऊ आणि खरी सूचना.

इथून अंदाजाकडे येऊ. ५० मेगावॅटच्या प्रकल्पाला शेड्यूल, म्हणजे प्रत्येक ब्लॉकला किती वीज देणार याचा आगाऊ आकडा, द्यावं लागतं, आणि राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत चूक मोजायची रीत अशी आहे की प्रत्यक्ष आणि शेड्यूल यांतला फरक उपलब्ध क्षमतेच्या टक्क्यांत धरायचा. १५ टक्क्यांपर्यंत सूट. म्हणजे सगळे इन्व्हर्टर चालू असताना साडेसात मेगावॅट इकडेतिकडे चालतात. 'उपलब्ध क्षमता' या शब्दांकडे लक्ष द्या. देखभालीसाठी दहा मेगावॅट बंद ठेवलेत आणि ते अंदाजाच्या सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं नाही, तर ते ५० चाच अंदाज देत राहणार. ही नोंद साइटच्या माणसाला मोबाइलवरून दोन टचमध्ये करता आली पाहिजे. तो लॅपटॉप उघडून फॉर्म भरणार नाही.

नागपूरसाठी आणखी एक गोष्ट बघा. बाहेरून आलेले लोक समजतात की मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळत असेल. हवा ४५ अंशांवर असते तेव्हा पॅनेलचं तापमान ६५ ते ७० अंशांवर जातं. पॅनेलची क्षमता मोजलेली असते २५ अंशांवर, आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. हिशेब करा, भर उन्हात बारा ते अठरा टक्के गेले. त्यात इन्व्हर्टरही तापून स्वतःला आवरतात. ज्या अंदाजात फक्त सूर्यप्रकाश धरलाय आणि पॅनेलचं तापमान धरलेलं नाही, तो आपल्याकडे मार्च ते जून रोज जास्तीचा आकडा देणार. कंपनीला तुमच्याच प्रकल्पाचा गेल्या मे महिन्याचा हवामान डेटा द्या आणि निर्मिती काढून दाखवायला सांगा. प्रत्यक्ष निर्मितीचा डेटा मात्र त्यांना आधी देऊ नका.

पुढच्या तास-दोन तासांसाठी सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे आत्ताची प्रत्यक्ष निर्मिती आणि आभाळाची आत्ताची स्थिती. म्हणून तर खरा आकडा लागतो. गोठलेल्या आकड्यावर उभा केलेला अंदाजही गोठलेलाच. नागपूरला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे, वळवाच्या ढगांसाठी त्याचा चांगला उपयोग होतो, पण रडारला पाऊस बाळगणारे ढग दिसतात. सौर निर्मिती कमी करणारे पातळ, उंच ढग त्याला दिसत नाहीत; त्यांच्यासाठी उपग्रहाची चित्रं लागतात.

अंदाजातली एक चूक मी स्वतः दोन महिने पोसली, ती सांगतो. एका प्रकल्पाच्या अंदाजातल्या चुकीची टक्केवारी वाईट नव्हती, पण मनासारखीही नव्हती. अंदाज देणाऱ्यांना दोष देऊन झाला, पॅनेलवरच्या धुळीला देऊन झाला. मग एका रविवारी मी दोन महिन्यांच्या चुका दिवसाच्या वेळेनुसार कागदावर मांडल्या. सकाळी रोज प्रत्यक्ष निर्मिती शेड्यूलपेक्षा जास्त, दुपारी बाराच्या सुमारास फरक शून्य, संध्याकाळी रोज कमी. दोन्ही बाजू जणू आरशात पाहिल्यासारख्या. ढगामुळे असं होणार नाही, धुळीमुळेही नाही. शेड्यूल एका ब्लॉकनं मागे चालत होतं. अंदाजाच्या फाइलमध्ये १०:१५ असं लिहिलेलं असे ते ब्लॉक संपण्याची वेळ म्हणून, आणि आमचं सॉफ्टवेअर ती सुरू होण्याची वेळ धरून पुढच्या ब्लॉकमध्ये भरत असे. ५० मेगावॅटच्या प्रकल्पात सकाळी पंधरा मिनिटांत निर्मिती जवळजवळ तीन मेगावॅट चढते. म्हणजे सहा टक्के चूक कुठलाही ढग नसताना रोज पदरात पडत होती. १५ टक्क्यांच्या सवलतीतच ती मावायची, म्हणून कुणाला टोचली नाही. ढगाळ दिवशी मात्र उरलेली जागा अपुरी पडायची. तुमच्या निविदेत वेळेबद्दल स्वतंत्र कलम घाला: प्रत्येक फाइलमधली वेळ भारतीय की जागतिक, आणि ब्लॉकच्या सुरुवातीची की शेवटाची. भारतीय आणि जागतिक वेळेची गल्लत झाली तर तब्बल २२ ब्लॉक सरकतात, ती लगेच सापडते. एका ब्लॉकची सापडत नाही.

आता तुमच्या दहा लहान प्रकल्पांकडे वळतो. यांच्याबद्दल निविदांमध्ये एकेक पान आहे, आणि खरं दुखणं तिथेच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीसारख्या योजनांतून असे प्रकल्प ३३/११ केव्ही उपकेंद्राशेजारी उभे राहिलेत, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून. कल्पना उत्तम आहे. रात्री-बेरात्री पंप सुरू करायला शेतात जाणाऱ्या माणसाला विचारा. पण फीडरवर पंप चालू असतील तेव्हाच वीज तिथल्या तिथे खपते. काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्यात आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत बागांना ताण देतात. पाणी तोडतात, म्हणजे पंप बंद. आभाळ मात्र तेव्हा निरभ्र आणि हवा थंड, पॅनेल मजेत चालतात. मग प्रकल्पाची वीज रोहित्रातून उलटी ३३ केव्हीकडे चढते, उपकेंद्राच्या बसचं (सगळ्या लाईन जिथे जोडतात त्या पट्टीचं) व्होल्टेज वाढतं, आणि मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर एकापाठोपाठ एक बंद पडतात. व्होल्टेज उतरतं, ते पुन्हा जोडतात, पुन्हा बंद पडतात. पोर्टलवर हे 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' एवढ्या दोन शब्दांत दिसतं आणि लोक महावितरणला फोन करत बसतात. उपाय अंशतः आपल्याच हातात असतो: इन्व्हर्टरना रिअॅक्टिव्ह पॉवर शोषायला लावायचं.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक ठिकाणी इन्व्हर्टर ठरावीक पॉवर फॅक्टरवर लावून सोडून देतात. म्हणजे शोषलेली रिअॅक्टिव्ह पॉवर ही निर्मितीच्या ठरावीक प्रमाणात. व्होल्टेज जास्त असताना कुठल्याही कारणानं निर्मिती कमी झाली की शोषणंही त्याच प्रमाणात कमी होतं, आणि नेमक्या नको त्या क्षणी व्होल्टेज आणखी चढतं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी अंधारात गेले, त्यात वाढत्या व्होल्टेजची साखळी होती, आणि तिथले सौर-पवन प्रकल्प मोठ्या संख्येनं असेच ठरावीक पॉवर फॅक्टरवर चालत होते. हे त्या स्पेनमध्ये घडलं, ज्यानं २००६ साली पवन आणि सौर प्रकल्पांसाठी जगातलं पहिलं राष्ट्रीय नियंत्रण केंद्र सुरू केलं होतं, जिथे मोठ्या प्रकल्पांचे आकडे दर बारा सेकंदांनी येतात. दिसत सगळं होतं. व्होल्टेज धरून ठेवण्याचं काम मात्र त्या प्रकल्पांना दिलेलंच नव्हतं.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजनुसार रिअॅक्टिव्ह पॉवर बदलण्याची सोय मागा, आणि ती प्रकल्पावरच्या कंट्रोलरमध्ये असू द्या. कंट्रोल रूमनं फक्त लक्ष्य आकडा पाठवायचा, सेकंदासेकंदाचं काम साइटवर झालं पाहिजे. मोबाइल नेटवर्कवरून व्होल्टेज सांभाळता येत नाही. ५० मेगावॅटच्या प्रकल्पाला हा प्लांट कंट्रोलर तसाही चुकत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार ३३ केव्ही आणि वर जोडलेल्या, १० मेगावॅटहून मोठ्या प्रकल्पांना सेटपॉइंटप्रमाणे (ठरवून दिलेल्या आकड्याप्रमाणे) निर्मिती कमी-जास्त करण्याची आणि फ्रिक्वेन्सीला प्रतिसाद देण्याची सोय ठेवावी लागते. लहान प्रकल्पांवर उपकेंद्राच्या अभियंत्याशी आधी बोला, कुठलं व्होल्टेज धरायचं हे त्यांच्या संमतीनं ठरवा. शेजारी व्होल्टेज चढवणारी कपॅसिटर बँक असेल तर दोघं एकमेकांविरुद्ध ओढत बसतात.

कमांडच्या बाबतीत कंपनीला एक प्रसंग द्या आणि उत्तर लेखी घ्या. निर्मिती ६० टक्क्यांवर आणायचा आदेश आला, तुम्ही सेटपॉइंट पाठवला, आणि त्यानंतर दुवा तुटला. ग्रिडची अडचण तासाभरात संपली. आता प्रकल्प काय करेल? ६० वरच राहील, की १०० वर जाईल? मी पाहिलेल्या एका ठिकाणी तो संध्याकाळपर्यंत ६० वरच राहिला आणि दिवसभराचं ऊन फुकट गेलं. उलट, आपोआप १०० वर जाणं ग्रिडला धोक्याचं ठरू शकतं. आदेशासोबतच त्याची मुदत जावी आणि मुदत संपल्यावर काय करायचं हे भार प्रेषण केंद्राशी बोलून ठरलेलं असावं, हे मला पटलेलं उत्तर. सौर आणि पवन प्रकल्पांना 'मस्ट रन' दर्जा आहे, ग्रिडच्या सुरक्षेसाठीच त्यांना कमी करता येतं. त्यामुळे कुणी, किती वाजता, किती कमी करायला सांगितलं, फोनवर की लेखी, आणि आपण किती सेकंदांत केलं, ही नोंद कुणालाही नंतर बदलता येणार नाही अशी हवी. लहान प्रकल्पांवर फीडर किंवा ३३ केव्हीची लाईन गेल्याचे तासही तसेच सेकंदानिशी नोंदवा. हिशेबाला बसाल तेव्हा 'जवळपास दोन तास लाईट नव्हती' याला किंमत नसते.

दुव्यांबद्दल जास्त लिहीत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं म्हणजे दोन मार्ग नव्हेत. दोघी एकाच टॉवरवर असतील आणि वादळात त्या टॉवरची वीज गेली तर दोन्ही जातात. फायबर असेल तर रस्त्याच्या कामावरचा जेसीबी कधी ना कधी तो तोडणारच. म्हणून साइटवरच्या गेटवेत किमान काही दिवसांचा डेटा साठला पाहिजे आणि दुवा जोडल्यावर मूळ वेळेसकट वर आला पाहिजे. सुरक्षेसाठी प्राधिकरणाची २०२१ ची सायबर सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वं वाचा आणि निविदेला जोडा. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये घुसखोरांनी ऑपरेटरच्याच संगणकावरून ब्रेकर उघडले आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज घालवली. तुमच्या साइटवर आज इन्व्हर्टर कंपनीचा माणूस बाहेरून थेट शिरू शकतो का, त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे का, हे कंट्रोल रूम होण्याआधीच, याच आठवड्यात तपासा.

स्वतः बनवायचं का? तुमच्याकडची मुलं हुशार आहेत, मी त्यांचं काम पाहिलंय. अहवाल, आलेख, पॅनेल धुण्याचं वेळापत्रक, चुकांचं विश्लेषण हे त्यांनी जरूर करावं. विकतच्या सॉफ्टवेअरपेक्षा ते तुमच्या गरजेला जास्त जुळेल. पण प्रोटोकॉलचा थर आणि कमांडची साखळी विकत घ्या. १०४ प्रोटोकॉलचा आकडा वाचणारा प्रोग्राम आठवड्यात लिहून होतो. मुख्य सर्व्हर पडल्यावर राखीव सर्व्हर एकही घटना न गमावता काम हाती घेईल, हे वर्षानुवर्षांच्या चुकांतून शिकलेलं असतं. आणि ती मुलं दोन वर्षांनी पुण्याला गेली तर कोड वाचायला कोण राहील, याचाही विचार करा.

किमतीतला तिपटीचा फरक मुख्यतः परवान्यातून आलेला असणार. एक कंपनी पॉइंटच्या संख्येवर पैसे लावतेय, एक प्रकल्पाच्या संख्येवर, आणि स्वस्त वाटणारीनं राखीव सर्व्हर धरलेलाच नसेल. तिघांकडून पाच वर्षांचा एकूण खर्च मागा, त्यात आणखी पाच प्रकल्प जोडण्याचा आणि वार्षिक देखभालीचा खर्च धरून. करारात लिहून घ्या की पॉइंट लिस्ट, सगळी कॉन्फिगरेशन, सगळे पासवर्ड आणि जुना डेटा साध्या फाइलच्या रूपात तुमच्या मालकीचा राहील आणि मागाल तेव्हा मिळेल. डेटा अडकला की माणूस कंपनी बदलू शकत नाही.

माणसं. एक टेबल चोवीस तास चालवायचं तर साप्ताहिक सुट्या आणि रजा धरून पाच माणसं लागतात. चारमध्ये बसवायला गेलात तर पहिल्याच आजारपणात कुणीतरी सलग सोळा तास बसेल. रात्री सौर निर्मिती नसते म्हणून टेबल बंद ठेवू नका. लाईनच्या परवानग्या, उद्याचं शेड्यूल, भार प्रेषण केंद्राचा फोन, हे रात्रीही असतं. दिवसा एक जण जादा ठेवा, आणि डेटाची शुद्धता हेच काम असलेला एक अभियंता वेगळा नेमा. पाचांपैकी एक तरी उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलेला, निवृत्त माणूस घ्या. ट्रान्सफॉर्मरचा आवाज बदललाय हे साइटवरून फोनवर ऐकून तो ओळखतो, आणि तरुण मुलं त्याच्याजवळ बसून शिकतात. प्रत्येकाला टेबलावर बसवण्याआधी पंधरा दिवस साइटवर पाठवा.

आणि ऑर्डर देण्याआधी एक करा. नरखेडच्या बाजूला तुमचा जो सगळ्यात वाईट नेटवर्कचा प्रकल्प आहे, तो तिघांना महिनाभर चाचणीसाठी द्या. तिघांचे गेटवे एकाच मीटरवरून वाचतील. महिना संपला की तिघांचा पंधरा मिनिटांचा डेटा आणि मीटरमधून थेट उतरवलेला डेटा एका तक्त्यात शेजारी-शेजारी लावा. कुणाचे किती ब्लॉक गायब आहेत, कुणाचे गोठलेले आहेत, कुणाचे एका ब्लॉकनं सरकलेत ते मोजा. तो तक्ता मला पाठवा, मग किमतीबद्दल बोलू.